गिअरचा दिवा

"हा दिवा उतरवायचा," कानसेन म्हणाला.

लेकीचं डोकं डॅशबोर्डखाली होतं आणि पाय गाडीच्या दाराबाहेर. दातांत वायर धरून ती टेप गुंडाळत होती. तिने हूं की चूं केलं नाही. बाप तिथेच उभा राहून धुमसत राहिला.

त्याचं खरं नाव गॅरेजमध्ये कुणी घेत नसे. तानसेन नसलो तरी कानसेन आहोत, असं तो कधीतरी चहा पिताना म्हणाला आणि तेच चिकटलं. ते खोटंही नव्हतं. गाडी फाटकातून आत येईपर्यंत तिचं दुखणं त्याला कळलेलं असे. टॅपेट वाजतायत की बेअरिंग गेलंय, ते बॉनेट न उघडता सांगायचा. पान्याला हात मग लावायचा.

तो कान लेकीनेही उचलला होता. ती एवढीशी असताना तो तिला शेजारच्या सीटवर बसवायचा, डोळे मिटायला लावायचा आणि गाडी पळवायचा. इंजिनाचा आवाज चढत जायचा. गिअर बदलायची वेळ झाली की तिने 'आत्ता' म्हणायचं. ती कधी चुकली नाही. पोरीने नाक आईचं घेतलंय पण कान माझे, असं तो येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा.

ही गाडी बापलेकींनी भंगारातून आणली होती, आई गेली त्या वर्षी. घर खायला उठायचं, म्हणून सुट्टीच्या दिवशी दोघं गॅरेजमध्ये येऊन बसायची. हळूहळू सांगाड्यावर रंग चढला, इंजिन बसलं. आता लेक ती शर्यतीत उतरवणार होती. त्यासाठी तिने इंजिनाचा नवा कॉम्प्युटर आणला, सेन्सर आणले. कानसेनने नाक मुरडलं, पण गप्प राहिला. जुन्या माणसाने आडवं तरी किती यायचं? मग खोक्यातून ती दिव्यांची पट्टी निघाली. इंजिन किती फिरतंय ते बघून आधी हिरवा लागतो, मग पिवळा. लाल लागला की गिअर बदलायचा. तेव्हा मात्र त्याच्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे शिकवलेलं सगळं पाण्यातच गेलं म्हणायचं.

तशी ती हल्ली बदललीच होती, हे त्याने मनाशी धरून ठेवलं होतं. पाठीमागून हाक मारली तर वळायची नाही. फोन उचलायची नाही, नुसते मेसेज धाडायची. जेवताना तो ताटात बघून काही सांगायला लागला, की म्हणायची, बाबा, माझ्याकडे बघून बोला ना. जशी काही त्याची मास्तरीणच. शिंगं फुटली होती पोरीला, दुसरं काय!

ती डॅशबोर्डखालून बाहेर आली आणि बापाला समोर बघून दचकली. त्याने पुन्हा सांगितलं, दिवा उतरव. ती नाही म्हणाली. मग शर्यतीला मी येणार नाही, तो म्हणाला. तिचा चेहरा एवढासा झाला, तरी ती नाहीच म्हणाली. का, ते सांगेना.

"बस शेजारी," तो म्हणाला. "डोळे मीट. मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत. एकदा बरोबर 'आत्ता' म्हण, मग दिवा कशाला हवा ते सांग मला."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग हात पुसले आणि जाऊन बसली.

गॅरेजमागचा रस्ता सरळ होता, रिकामा होता. लेकीने डोळे मिटले आणि तळहात डॅशबोर्डवर टेकवला. कानसेनने दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला. इंजिन आधी गुणगुणलं, मग गळा मोकळा करून गायला लागलं. त्याच्या अंगावर काटा आला. दोघांनी मिळून घडवलेला आवाज होता तो. समोर हिरवा लागला, पिवळा लागला. आता म्हणेल, त्याला वाटलं. लाल लागला. ती बोलली नाही. इंजिन किंचाळायला लागलं तरी बोलली नाही. त्याने पाय काढला, गाडी कडेला घेतली आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

हट्ट, दुसरं काही नाही. बापासाठी एक शब्द तोंडातून निघाला नाही.

"पुरे झालं," तो समोरच्या काचेकडे बघत म्हणाला. "उघड डोळे."

तिने उघडले नाहीत.

"उघड म्हटलं ना!"

या वेळी तो ओरडला. रस्त्यापलीकडे झोपलेलं कुत्रं दचकून उठलं. लेकीची पापणी हलली नाही. लहानपणी बसायची तशीच ती शहाण्यासारखी बसली होती, बाबा सांगेपर्यंत उघडायचे नाहीत म्हणून. मिटल्या डोळ्यांतून पाणी मात्र गालावर आलं होतं.

त्याने त्या विझलेल्या दिव्यांकडे पाहिलं. मग तिच्याकडे. ओ न दिलेल्या हाका, न उचललेले फोन, माझ्याकडे बघून बोला ना, सगळं एकदम त्याच्या अंगावर आलं. जगातल्या गाड्यांची दुखणी ऐकत बसलो होतो मी, त्याला वाटलं.

त्याने तिच्या हाताला हात लावला. तिने डोळे उघडले आणि आधी त्याच्या ओठांकडे पाहिलं.

त्याला विचारायचं होतं. पण आवाज फुटेना. नुसतेच ओठ हलले. कधीपासून?

"दोन वर्षं होत आली, बाबा," ती म्हणाली.