परतीचा भाव

ट्रकचं मागचं चाक बर्फ फोडून खाली गेलं होतं. अराल समुद्राचं काळं पाणी भोकातून वर येत होतं. मासळीचा व्यापारी येर्मेक आपल्या ट्रकभोवती नाचत होता.

"दादा, ट्रॅक्टर लावा ना लवकर."

त्या किनाऱ्यावर ट्रॅक्टर एकच, कलमुरातचा. त्यानं कानटोपी मागे सारली. "भरल्या गाडीला लावला तर बर्फ मलाही गिळेल. आधी मासे उतरव."

"उतरवून ठेवू कुठे?"

"मला वीक. सकाळी घेतलेस त्याच्या निम्म्या भावात."

येर्मेक हसला. कलमुरात हसला नाही. त्याची कोळ्यांची टोळीही हसली नाही. सगळे हाताची घडी घालून उभे होते.

"निम्म्या? सकाळी तुमच्याकडूनच घेतलेत ना?"

"सकाळी ताजे होते. आता शिळे झाले. त्यातून आल्माटीत उठाव नाही, असं तूच म्हणतोस."

गेल्या आठवड्यात कलमुरातच्या मुलीनं आल्माटीच्या बाजारातून फोटो पाठवला होता. त्यांच्याच समुद्रातला कोक्सेरके मासा, वर भावाची पाटी. येर्मेक इथे द्यायचा त्याच्या सातपट. कलमुरातनं तो फोटो कुणाला दाखवला नव्हता. एकटा असला की काढून बघायचा.

"पुढच्या खेपेला तुमचा मासा कोण घेतो, बघतोच मी," येर्मेक म्हणाला.

"बघ की. पण आधी ट्रक बघ."

बर्फ करकरलं. ट्रक आणखी कलला. येर्मेकनं शिवी हासडली आणि मागचं फळकूट उघडलं.

टोळीनं मासे उतरवले. येर्मेकनं सकाळी दिलेल्या नोटांतल्याच निम्म्या कलमुरातनं त्याच्या हातावर ठेवल्या, सावकाश, एकेक करून. मग ट्रॅक्टर लावला. रिकामा ट्रक खडखडत किनाऱ्याकडे निघून गेला. तो दिसेनासा होईपर्यंत कलमुरात बघत राहिला. कित्येक दिवसांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं.

त्याची बायको बालजान ढिगाशी आली. "दुसरा व्यापारी इकडे फिरकत नाही. हे आता कोण घेणार?"

"कुणी नाही. घरोघर वाटायचे." त्यानं ढिगातला सगळ्यात मोठा कोक्सेरके उचलून तिच्या हातात दिला. "जा, तेल तापव."

बालजानला तो दोन्ही हातांनी धरावा लागला. जन्मभर तिच्या चुलीवर शिजली ती काट्याकुट्याची, कुणी न घेतलेली मासळी.

"हा कसा करतात?" तिनं विचारलं.