टिलीची परीक्षा

गॅरेजच्या फरशीवर आठ डबे ओळीने मांडले होते. दोनांत कॉफीची पूड, एकात कुत्र्याचं खाणं, चार रिकामे. उरलेल्या एकात चार ग्रॅम गांजा. कोणत्यात, ते फक्त डॉट्रीला ठाऊक होतं.

डॉट्री टेक्सासचा. पोलिसांसाठी कुत्रे पारखून घेणं हे त्याचं काम. नदीपलीकडे त्याच्या राज्यात गांजा अजून गुन्हा होता. नदीच्या अलीकडे, ओक्लाहोमात, तो औषध झाला होता, म्हणून गांजा हुंगून काढणारी कुत्री टिली इथे आता कुणाच्या कामाची नव्हती. पास झाली, तर आजच डॉट्रीच्या गाडीत बसणार होती. नापास झाली, तर पोलीस डेप्युटी रॉस टॅकेटच्या घरी, कायमची. आजवर तिची साखळी रॉसच्याच हातात होती.

रॉस चुळबुळत होता. भार सारखा उजव्या पायावर घेत होता.

"पायाला काय झालं?"

"नवे बूट. चावतात."

"बायको कशी आहे?"

"केमो संपली. आता निदान सूप पोटात ठरतं."

"म्हणजे औषध म्हणून गांजा घ्यायचं कार्ड काढलं तिनं."

"काढलं. तिची बरणी मी नुसती हातात घेतली तरी माझी नोकरी जाईल, ते मात्र तसंच आहे."

डॉट्री हसला. "तुमचा कायदा भारी आहे, राव. एकाच पलंगावर एका उशीला औषध, दुसऱ्या उशीला गुन्हा. त्यापेक्षा ही कुत्री बरी. वास एक, उत्तर एक."

"टिली दिवसभर माझ्या नोरीनच्या पायाशी असते," रॉस म्हणाला. "मी कामावर असलो की घरात दुसरं कुणी नसतं."

"पाय आमच्याकडेही आहेत. सोडा तिला."

गांजा सापडला की त्या डब्यासमोर बसायचं, एवढंच टिलीला शिकवलेलं होतं. ती दोन पावलं गेली, थबकली, वळली आणि रॉसच्या पायाशी येऊन बसली.

डॉट्रीने डब्यांची जागा बदलली. टिली पुन्हा रॉसच्या पायाशी.

तिसऱ्यांदाही तेच.

"खिसे रिकामे करा बरं."

रॉसने एकेक खिसा उलटा केला. किल्ल्या निघाल्या, रुमाल निघाला आणि शेवटी मूठभर बिस्किटं.

"घ्या." डॉट्रीने कपाळावर हात मारला. "परीक्षेला कुणी खाऊ घेऊन येतं का? ठेवा तिकडे टेबलावर. आता शेवटची फेरी."

टिलीने टेबलाकडे पाहिलंसुद्धा नाही. ती सरळ रॉसकडे आली आणि त्याच्या डाव्या बुटाला नाक लावून बसली.

"लाडावून ठेवलीत तुम्ही हिला," डॉट्री म्हणाला. "नाक गेलंय की डोकं, कोण जाणे. अशीला नेऊन मी काय करू? राहू द्या तुमच्याकडेच."

त्याने कागदावर 'अपात्र' लिहून सही केली आणि डबे गोळा केले.

घरी नोरीन स्वयंपाकघरातच बसली होती. रोजचं औषध मोजायचा छोटा काटा तिच्यासमोर टेबलावर होता. टिली आत आली आणि तिच्या पायाशी आडवी झाली.

"राहिली?"

"राहिली."

रॉस खुर्चीवर बसला. त्याने डावा बूट काढला, मोजा काढला. मोज्याला चिकटलेली, तिच्याच बरणीतली चपटी पुडी सोडवून तिच्याकडे सरकवली.

नोरीनने पुडी काट्यावर ठेवली.

नऊ ग्रॅम.