गुरुवारचा तास

युलोखियो आपल्या वाट्याचं पाणी कोणाला देतो, हे शोधून काढायचंच, असं कासिल्दानं ठरवलं होतं. स्पेनमधल्या अल्पुहाराच्या डोंगरातून मूर लोकांना साडेचारशे वर्षांपूर्वी हाकलून दिलं, पण त्यांनी खोदलेला पाट गावानं ठेवून घेतला. त्यावर ज्याचा त्याचा तास ठरलेला. युलोखियोचा गुरुवारी सकाळी. त्याची बदामाची झाडं मात्र तीस वर्षं तहानलेली.

“इथं पाणी मुरतंय,” ती सासूला म्हणाली.

“बाईच असणार. बिनलग्नाच्या गड्याचं दुसरं काय असतं?” सासू बदाम फोडता फोडता म्हणाली.

कासिल्दा पाटाच्या सभेची प्रमुख होती. जो पाणी शेताला लावत नाही त्याचा तास जातो, हा नियम जुना. तिला स्वतःला पाण्याची ददात नव्हती. तीस वर्षांपूर्वी ती लग्न होऊन आली, त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात सासरचा आटलेला झरा पुन्हा फुटला आणि कधी थांबला नाही. पायगुणाची सून, असं गाव म्हणालं. कोणाचं कधी कौतुक न करणारी सासूही म्हणाली. कासिल्दाला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा?

मे महिन्यातल्या एका गुरुवारी ती पाटाच्या कडेनं वर चढली. बर्फ वितळून पाण्याला जोर आला होता. युलोखियोनं फळी उचलली आणि आपलं सगळं पाणी एका जुन्या दगडी खड्ड्यात सोडलं. तिथं ना शेत, ना बाई. पाणी नुसतं जमिनीत जात होतं.

“हे काय चाललंय?”

“आजा सांगायचा, मूर लोक पाणी पेरायचे.”

“मग उगवलं का काही?”

तो हसला. ती चिडली.

“कोणासाठी करतोस, नाव सांग. सभेत तुझी बाजू घेईन.”

“नाव सांगितलं की उपकार होतो, कासिल्दा. राहू दे.”

तरुणपणी तिनं त्याला नकार दिला होता, तेव्हाही तो ‘राहू दे’ एवढंच म्हणाला होता.

सभेत त्याचा तास गेला. हात वर करताना तिला वाईट वाटलं, पण नियम तो नियम. खड्ड्याचं तोंड सिमेंटनं बुजवलं.

ऑगस्टच्या मध्यावर ती नेहमीसारखी घडा घेऊन झऱ्यावर गेली. बऱ्याच वेळानं परतली, ती रिकामा घडा घेऊनच. सासू दारात बसली होती.

“काय गं, त्या बाईचा पत्ता लागला का शेवटी?”

कासिल्दानं घडा खाली ठेवला.

“लागला.”