जाहीर आभार

आभार छापले, तर शामसुंदररावांच्या पदरात दोन गोष्टी पडणार होत्या: हॉस्पिटलने बंद केलेल्या पानभर जाहिराती परत, आणि अब्रुनुकसानीची नोटीस मागे. न छापले तर एकच, ताठ मान. आणि ताठ मान बघून कागदवाला छपाईचा कागद सोडत नाही, हे नाशकात इतकी वर्षं पेपर चालवून त्यांना पाठ झालं होतं.

मजकूर त्यांनी पुन्हा वाचला. ‘माझी पत्नी सौ. मालनबाई हिच्यावर यशस्वी शस्त्रक्रिया करून रुग्णाभिमुख सेवा दिल्याबद्दल मी आभारी आहे. बिलासाठी तिला अडकवून ठेवल्याची माझ्या नावावर छापलेली बातमी खोटी आहे.’ खाली गोटीरामची सही.

ती बातमी सोमवारी याच खुर्चीत बसून गोटीरामनेच दिली होती. आज तो खुर्चीच्या कडेला टेकला होता. शेजारी हॉस्पिटलचा जनसंपर्क अधिकारी कुंदन, पट्ट्याला पेजर लावून.

“गोटीराम, रुग्णाभिमुख म्हणजे काय हो?”

“ते ह्या साहेबांना इचारा.”

“आणि बातमी खोटी, हे तरी तुमचं?”

गोटीरामने टोपी काढली, पुन्हा घातली. “खरं व्हतं तवा खरं सांगितलं, साहेब. आता तिला घरी न्यायचीय.”

“दबाव अजिबात नाही, सर,” कुंदन म्हणाला. “उद्या पेपरात आलं की सकाळी डिस्चार्ज. आमच्याच गाडीनं घरपोच.”

“आणि नाही आलं तर?”

“तर डॉक्टरांना वाटेल, पेशंटवर अजून थोडं लक्ष ठेवावं.”

शामसुंदररावांनी गोटीरामचे पाय पाहिले. माणूस फुटला की आधी त्याच्या पायात काहीतरी नवं येतं, असा त्यांचा अनुभव. गोटीरामच्या पायात सोमवारचीच टायरची चप्पल होती.

“छापतो,” ते म्हणाले.

“पेशंटचा फोटो हवा, सर, आणलाय मी. आणि सगळ्यात खाली आमचं नाव, चांगलं जाड. मधला मजकूर बारीक चालेल. कोर्टात भिंग लावून वाचतात.”

दोघे गेल्यावर पानं जुळवणारा धोंडीराम चौकट घेऊन आला. “पान चारलाच जागा हाय, साहेब.”

“कुठंही टाक. मला दाखवू नकोस.”

सकाळी त्यांनी स्वतःचाच पेपर उघडला नाही. दहाच्या सुमारास गोटीरामच्या गावच्या, मखमलाबादच्या पेपरवाल्याचा फोन आला. “साहेब, तुमच्या बातमीतली मालनबाई गेली. मळ्यात ही गर्दी.”

म्हणजे काल सही घेतली तेव्हाच ती गेलेली असणार! मेलेल्या बाईचे आभार वसूल केले लेकांनी. आणि तो गोटीराम? त्याला ठाऊक होतं की काय? शामसुंदररावांना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याच्या आधी मथळा सुचला. आठ कॉलमी. त्यांनी स्कूटरला किक मारली.

झेंडूच्या वावराकडेला तिरडी बांधून तयार होती. बायका रडत होत्या. मालनबाईचा धाकटा भाऊ देवळ्याहून मिळेल त्या गाडीनं आला होता. सवाष्ण गेली की माहेरचं हिरवं लुगडं लागतं. ते त्याच्या मांडीवर होतं.

“गोटीराम कुठाय?” शामसुंदररावांनी विचारलं.

“गेलाय पहाटंच, हास्पिटलात. बॉडी आणाया.”

“गेल्याचं कळवलं कोणी?”

“तुम्हीच की!” एका म्हाताऱ्याने पेपर पुढे केला.

पान चार. वर कुणाचं तेरावं, खाली कुणाचं वर्षश्राद्ध. मधे काळ्या चौकटीत मालनबाईचा फोटो, फोटोखाली नाव, आणि तळाला जाड टाइपात हॉस्पिटल. मधल्या मुंगीएवढ्या ओळी कोणी वाचल्या नव्हत्या. त्या पानावर कोणी वाचतं कुठे? फोटो बघतात आणि निघतात.

तेवढ्यात हॉस्पिटलची गाडी आली आणि रडणं वाढलं. मागचं दार उघडलं. एक हात पोटावर, एक गोटीरामच्या खांद्यावर, अशी मालनबाई सावकाश खाली उतरली. रडणं जिथल्या तिथे थांबलं. ड्रायव्हरने तिरडी पाहिली आणि गाडी न वळवता तशीच मागे नेली.

मालनबाईने सगळ्यांवरून नजर फिरवली. “कोण गेलं?”

त्या म्हाताऱ्याने पेपर गोटीरामच्या हातात दिला.

शामसुंदररावांनी मनात हिशेब केला. हॉस्पिटलला नाव हवं होतं. ते पंचक्रोशीनं वाचलं, आणि आता कोणी त्या दाराची पायरी चढायला धजणार नव्हतं. आपली बातमी आपणच खोटी ठरवली, पण ती ओळ कोणी वाचलीच नाही. बोट दाखवायचं तर कोणाकडे, हे काही त्यांना ठरवता येईना.

“बाई, उद्या खुलासा छापतो. फुकट.”

“छापा,” मालनबाई म्हणाली. “फोटू नका टाकू.”

मग तिचं लक्ष भावाकडे गेलं. तो लुगडं पाठीमागे लपवत होता. तिने हात पुढे केला, घडी उलगडून काठ अंगठ्याने चोळून पाहिला. असलं भारी लुगडं त्याने कधी दिवाळीलाही आणलं नव्हतं.

“केवढ्याला पडलं?”

“राहू दे ना, आक्का.”

सकाळपासूनच्या सगळ्या प्रकरणात रोख मोजून आलेला तोच एकटा होता. मालनबाईने घडी पुन्हा नीट घातली आणि लुगडं काखोटीला मारलं.

“पुढच्या टायमाला आणू नको,” ती म्हणाली. “हेच चालंल.”