घंटेचा दोर

धुकं एवढं दाट होतं की निवाऱ्याच्या पायरीवरून अंगणातलं पाण्याचं पिंपही दिसत नव्हतं. थोरला भाऊ दारात उभा राहून घंटेचा दोर ओढत होता. धाकटा अजून वाटेतच होता. कड्यावर त्याच्या गुडघ्याने दगा दिला, तेव्हा थोरला त्याला मागे ठेवून जागा धरायला पुढे आला. इथे पाहतो तर सगळ्या खाटा रिकाम्या.

"हात भरून आले तर मला हाक मारा," निवारा सांभाळणाऱ्या मावशींनी आतून बजावलं. "पण माणूस हाताला लागेपर्यंत घंटा थांबवायची नाही. इथला नियमच आहे तसा."

"माझा भाऊ आहे तो, मावशी. मी कशाला थांबवीन?"

धुक्यात त्या वाटेवर डोळे असून नसल्यासारखेच. आवाजाच्या रोखाने चालायचं, बस्स. एका अंगाला भिंतीसारखा डोंगर, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. तळहात सोलवटले तरी थोरला दोर ओढत राहिला.

मग धुकं जरा विरळ झालं आणि शेवटच्या वळणावर धाकट्याचं नारिंगी जाकीट दिसलं. थोरल्याचा जीव भांड्यात पडला. पाठोपाठ रागही आला. आल्या आल्या चांगलं फैलावर घ्यायचं या गोगलगाईला, असं ठरवत त्याने दोर सोडला आणि तो शेगडीवरचं गरम पाणी आणायला आत वळला.

बऱ्याच वेळाने दार ढकलून आला तो परका माणूस होता. ओठ निळे पडलेले, पाठीवर पिशवी नाही.

"हे जाकीट?" थोरल्याने विचारलं.

"मागे एकजण भेटले, त्यांनीच घातलं मला. माझं सगळं सामान दरीत गेलं, मी गारठून बसलो होतो." तो शेगडीला बिलगला. "म्हणाले, तुम्ही व्हा पुढे. माझा पाय दुखतोय, मी येतो घंटेच्या मागोमाग."

मावशींनी थोरल्याकडे पाहिलं. तो बाहेर धावला आणि त्याने दोर धरला.

मावशी कंदील घेऊन वळणापर्यंत हाका मारून आल्या. परक्या माणसाने दोनदा दोर मागितला. थोरल्याने दिला नाही.

पहाटे वारा सुटला आणि धुकं निघून गेलं. दारापासून थेट कड्यापर्यंत वाट लख्ख दिसू लागली. तिच्यावर कुणी नव्हतं. घंटा वाजतच होती.

मावशी बाहेर येऊन त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"सोडा आता, दादा," त्या हळूच म्हणाल्या. "यायचा असता, तर आता बघत बघतही आला असता."