अजून आंबट

वाघोलीच्या पुढे द्राक्षमळा होता. तिथे वाइन करणारे दामले साहेब स्वतः द्राक्ष कधी चाखत नसत. रोज एक मणी मळ्यात कामाला येणाऱ्या सोजरबाईला देऊन विचारायचे, “पिकलंय का?”

मळ्यातली कोण बाई चोरून खाते, याचा साहेब छडा लावतायत, असा सोजरबाईला संशय. आंबट द्राक्षं कोण चोरणार? म्हणून मणी गोड लागला तरी ती रोज सांगायची, “आंबट हायेत अजून.”

तोडणी तीन आठवडे लांबली. एरवीची हलकी, आंबटसर वाइन यंदा गडद आणि दाट झाली. शहरातून आलेले पाहुणे चाखून खूश झाले. “एवढं थांबायचं धाडस कसं केलंत?”

साहेबांनी सोजरबाईला पुढे बोलावलं.


“कोरोनात माझ्या तोंडाची चव गेली, ती आलीच नाही. या बाई खरं तेच सांगतात, म्हणून थांबलो.”