अळवातला आवाज

गुरम्मा सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन आली तेव्हा बसलिंगप्पा परसात बादली विसळत होते. बादलीच्या तोंडाला बांधून नेलेला ओला पंचा आता दोरीवर पडला होता आणि स्कूटर चिखलानं माखली होती.

"नेऊन सोडले," ते म्हणाले. "हौदातले, अळवातले, सगळे. रिंग रोडच्या पल्याडच्या तळ्यात. एकालाबी धक्का लावला न्हाई."

"काय सोडले?"

"बेडकं, अन् काय. वरच्या खोलीतल्या साक्षीच्या वडलांचा फोन आल्ता देगलूरहून. पोरगी लातुरात नीटचा अभ्यास कराय ठिवली का बेडकांचं भजन ऐकाय, म्हणले. दुसरी खोली बघतो म्हणले." एवढं बोलून त्यांना खोकल्याची उबळ आली. त्यांचा नेहमीचाच, बारीक, कोरडा, शेवटी शीळ वाजल्यासारखा खोकला. त्यात आज सकाळपासून माणूस पाण्यात होता.

गुरम्मानं अळवाकडं बघितलं. पानं जागच्या जागी होती, पण मांडवातून पाहुणे उठून गेल्यासारखं दिसत होतं. बेडकांचं काय करायचं हे तीही किती दिवस घोळवत होती. हौदावर जाळी टाकावी, पोरीला रस्त्याकडची खोली द्यावी, तिला कानात घालायला कापूस द्यावा. कापूस तर देऊनही झाला होता.

"मला इचारायचं तरी."

"तुला इचारलं असतं तर पुढच्या पावसाळ्यापत्तोर इचारच करत बसली असतीस."

हे खरं होतं, म्हणून तिला जास्तच राग आला. ती कपडे धुवायच्या दगडावर बसली.

"आज आपल्या रविकिरणचा फोन येतो."

"येऊ दे की. बेडकाचा अन् त्याचा काय संबंध?"

"तो बोलायला फोन करत न्हाई ओ," गुरम्मा म्हणाली. "जेवलीस का, गोळी घेतलीस का, संपलं बोलणं. मग म्हणतो, अव्वा, फोन अळवात ठेव. तिकडं मस्कतला ओल न्हाई, चिखल न्हाई. डोळे मिटून ऐकत पडतो. कवाकवा तसाच झोपी जातो लेकरू."

बसलिंगप्पांचा बादलीतला हात थांबला. ही फोन घेऊन परसात जाते ती रेंजसाठी, असं ते इतके दिवस धरून चालले होते. रेंज येत नाही म्हणून कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याशी भांडूनही आले होते. पोरगं घरचं भांड्यांचं दुकान सोडून गेलं तेव्हापासून ते त्याच्याशी बोलले नव्हते. गुरम्मानं फोन पुढं केला की म्हणायचे, "तूच बोल," आणि उठून जायचे.

"मला कधी बोलली न्हाईस."

"तुम्ही कवा इचारलं?"

फोन वाजला तेव्हा दिवेलागण झाली होती. वर साक्षीच्या खिडकीत उजेड होता.

"अव्वा, जेवलीस?"

"एवढ्यात? तुझ्या अप्पांची पूजा व्हायची हाय आणखी."

"पाऊस झाला का?"

"झाला की, दुपारी. लई."

"मग ठेव."

गुरम्मानं नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं बादलीकडं बघितलं. तिनं अळवाची पानं बाजूला सारून फोन हौदाच्या कडेवर ठेवला. नळाचं पाणी टपटपत होतं. दुसरं काही नव्हतं.

"अव्वा, आवाज येईना."

"येईल रे. थांब जरा."

थोडा वेळ गेला.

"अव्वा? औषध मारलं का काय कुणी?"

गुरम्मा सांगून टाकायला तोंड उघडणार, तेवढ्यात बसलिंगप्पांनी धोतर खोचलं. गळ्यातलं लिंग बंडीच्या आत सरकवलं आणि सरळ अळवात शिरून उकिडवे बसले. दुकानात गिऱ्हाइकाशीसुद्धा मोजून बोलणारा माणूस. त्यांनी गाल फुगवले.

"डरांव."

पहिला गंजलेल्या कडीसारखा निघाला. दुसरा बरा होता. तिसरा पोटातून आला. मग त्यांनी थांबणं सोडूनच दिलं.

वरची खिडकी धाडकन उघडली.

"काका! एक राहिला की वो!" साक्षी ओरडली. "लई मोठा हाय!"

गुरम्मानं पदराचा बोळा तोंडात कोंबला. बसलिंगप्पांनी वर बघितलं नाही. आणखी एकदा छाती भरून घेतली, पण या वेळी बेडकाच्या आधी खोकला आला. त्यांनी तो मुठीत दाबला, गुडघ्यात दाबला. तरी निघालाच. बारीक, कोरडा, शेवटी शीळ वाजणारा.

फोनमधून काहीच येईना. कट झाला असावा म्हणून गुरम्मा वाकली. पडद्यावर उजेड होता, पोराचं नाव होतं.

"अव्वा," बऱ्याच वेळानं रविकिरण म्हणाला. "त्या मोठ्या बेडकाला म्हणावं, ओलीत लई वेळ बसू नका."

गुरम्मानं फोन उचलला नाही. बसलिंगप्पांनी उचलला. चिखलाच्या हातानं तोंडाजवळ धरला. इतक्या वर्षांचं काय काय बोलायचं साठलं होतं, त्यातलं आधी कुठलं काढावं हे त्यांना सुचेना.

मग ते हळूच म्हणाले, "डरांव."